बिनपासवर्डची पाणपोई

न्यायाधीश कॉलनीत राहत नाहीत आणि वकील फुकट बोलत नाहीत, म्हणून आमच्या जुळे सोलापुरात कायद्याचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात. मी कोण, तर दिवाणी कोर्टातला निवृत्त बेलिफ. एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात समन्सं आणि नोटिसा नेऊन दिल्या. कायदा मी वाचलेला नाही, नुसता पोचवलेला आहे. पण एवढी वर्षं पोचवत राहिलं की तो आपणच लिहिला असं वाटायला लागतं. मला तर निवृत्तीनंतर जास्तच वाटायला लागलं होतं. त्यात अपार्टमेंटच्या लोकांनी सेक्रेटरी केलं, मग काय विचारता.

बेलिफाचं काम कसं असतं ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. समन्स हातात द्यायचं आणि सही घ्यायची. समोरचा सही देत नसेल, दार लावून आत बसला असेल, तर कागद दाराला चिकटवायचा, शेजारचे दोन बरे गृहस्थ पंच म्हणून बोलवायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि कोर्टात येऊन लिहायचं, 'बजावले'. मग तो कागद त्यानं वाचला, फाडला की शेळीनं खाल्ला, आपला संबंध संपला. चिकटवलं म्हणजे बजावलं. एवढ्या एका वाक्यावर मी नोकरी केली, आणि खरं सांगायचं तर संसारही त्यावरच केला. बायकोला काही सांगायचं असलं की फ्रिजवर चिठ्ठी चिकटवायची, आणि ते झालं नाही तर दोष तिचा. एकदा तिनं माझ्याच चिठ्ठीखाली लिहून ठेवलं, 'वाचलं. जमणार नाही.' असं उत्तर मला एकतीस वर्षांत एकाही प्रतिवादीनं दिलं नव्हतं.

ती होती तोवर दर उन्हाळ्यात आमच्या गेटबाहेर दोन माठ असायचे. ती सकाळी उठून ते घासायची, भरायची, वर ओलं फडकं टाकायची, स्टीलचा पेला साखळीनं बांधायची. मी गॅलरीत बसून पेपर वाचायचो आणि लोक पाणी पिऊन गेले की आपणच काहीतरी पुण्य केलं असं मानायचो. एका दिवाळीनंतर ती गेली. पुढचा उन्हाळा आला तेव्हा मी चारचौघांत जाहीर करून टाकलं की तिच्या नावानं पाणपोई चालूच राहणार. बोलून बसलो, आता माघार कशी घेणार. चौथ्या दिवशी एक माठ नळाखालीच माझ्या हातून फुटला. दुसऱ्यात आठवड्याभरात शेवाळ धरलं. गेटपाशी रिक्षा लावणारे चाचा भलते सभ्य. त्यांनी पेला तोंडाजवळ नेला, वास घेतला, खाली ठेवला आणि आज तहान नाही म्हणाले. मग तीन दिवस त्यांना तहानच लागली नाही.

त्याच सुमारास लेकीनं नाशिकहून लकडा लावला होता की घरी इंटरनेट घ्या, व्हिडिओवर बोलता तरी येईल. जोडणी करणारा माणूस आला, भिंतीला भोक पाडलं, डबी बसवली, आणि पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं. मी विचारलं, पासवर्ड नसला तर काय होतं? तो म्हणाला, मग कुणीही वापरू शकतं. तिथंच माझं डोकं चाललं. चाललं म्हणजे भरकटलं. कुणीही वापरू शकतं, रोज घासावं लागत नाही, फुटत नाही, शेवाळ धरत नाही. मी त्याला सांगितलं, पासवर्ड नको, आणि नाव टाक 'पाणपोई'. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टाकलं. मग अर्जाचे कागद पुढे केले, बारीक अक्षरात, भरपूर पानं. आयुष्यभर मी लोकांना दम दिला की वाचल्याशिवाय सही करत जाऊ नका. आणि मी काय केलं, तर त्याचीच पाठ पुढे घेऊन तिच्यावर कागद ठेवून तीन ठिकाणी झोकात सह्या ठोकल्या.

पुढचं तर आणखी भारी. पार्किंगमधल्या खांबावर मी फलक लावला. कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ मोफत इंटरनेट पाणपोई, सर्वांनी लाभ घ्यावा. आणि खाली तांबड्या अक्षरात, 'कृपया गैरवापर करू नये.' ही शेवटची ओळ लिहून मी अगदी निर्धास्त झालो. फलक चिकटवला, म्हणजे जगाला बजावलं. आता कुणी गैरवापर केला तर तो जाणे आणि त्याचं नशीब.

कौतुक मात्र लई झालं. सगळ्यात जास्त केलं ते चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी. चांगल्या नोकरीतला माणूस, शर्टाची घडी मोडलेली कधी दिसायची नाही, जिन्यात भेटला की दोन्ही हात जोडणार. साहेब, याला म्हणतात स्मारक, असं ते मला लिफ्टसमोर म्हणाले आणि मी त्या दिवशी पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टनं गेलो. माझे कोर्टातले किस्से ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. असा माणूस वाईट असूच शकत नाही असं माझं त्या वेळचं मत होतं.

पाणपोईवर येणारी माणसं ठरलेली. रिक्षावाले चाचा, वॉचमन, वरची धुणीभांडी उरकून आलेल्या दोघी मावश्या. आणि पार्किंगमध्ये टेबल टाकून कपड्यांना इस्त्री करणारी बाई. तिचा नवरा टॉवेल विणायच्या मागावर कामाला होता. तो वारल्यावर तिनं इस्त्री धरली. घरात तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि मला काका म्हणायची. तिची लेक बारावीला होती. घरात फोन एकच, आईचा. कॉलेज सुटलं की पोरगी इस्त्रीच्या टेबलाशेजारी पालथ्या बादलीवर बसायची, आईचा फोन गुडघ्यावर उभा करायची आणि कानात वायर घालून नर्सिंगच्या परीक्षेचे धडे बघायची. एका बाजूला इस्त्रीची वाफ, दुसऱ्या बाजूला हृदयाचे चार कप्पे. तिला नर्स व्हायचं होतं, सरकारी कॉलेजातच, कारण दुसरं परवडणारं नव्हतं.

मी गॅलरीतून हे बघायचो आणि माझी छाती फुगायची. पोरगी बारावी चांगली पास झाली, नर्सिंगच्या परीक्षेतही तिनं मार्क काढले. अभ्यास तिनं केला, आणि पेढे वाटल्यासारखा मी गावभर सांगत सुटलो की माझ्या पाणपोईवर एक पोरगी नर्स होतेय. आता फक्त प्रवेशाच्या याद्या लागायच्या होत्या.

अशात एका सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक तरुण महिला फौजदार आणि एक हवालदार. अमुक कंपनीची जोडणी तुमच्याच नावावर आहे ना, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, हो, आणि आत या. मला काय वाटलं असेल? सत्काराला आले असं वाटलं मला. पोलीस खात्यानं दखल घेतली, उद्या पेपरात फोटो. मी त्यांना बसवून आत शर्ट बदलायला निघालो होतो. बाई म्हणाल्या, शर्ट राहू द्या, बसा.

बार्शीतल्या एका कार्यालयात काम करणाऱ्या महिलेला दोन महिने खोट्या नावाच्या खात्यावरून घाणेरडे संदेश येत होते. तिचे फोटो घेऊन त्यांची नको ती अवस्था करून तिलाच पाठवली जात होती. ती बिचारी नोकरी सोडायच्या बेताला आली होती. आणि ते सगळे संदेश निघाले होते माझ्या जोडणीवरून. माझी पाचावर धारण बसली. सहासष्ट वर्षांचा विधुर, घरात एकटा, आणि समोर फौजदारबाई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघतायत. मी एवढंच म्हणालो, की मी फलक लावलेला आहे.

त्यांना मी खाली नेऊन फलक दाखवला. खरंच नेलं, खोटं नाही. तांबड्या ओळीवर बोटही ठेवलं. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, मग त्यानं वाचला नसेल.

मी तरी गप्प बसावं की नाही? मी त्यांना समन्स बजावण्याचे नियम सांगायला लागलो. ऑर्डर पाच, नियम सतरा. त्यांनी ऐकून घेतलं. हे दिवाणी झालं, असं म्हणाल्या, आणि मग मला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. नेट उघडं ठेवलं म्हणून लगेच कुणी तुम्हाला आत टाकत नाही. पण जोडणी तुमच्या नावावर, अर्जावर सही तुमची, दुसऱ्याला वापरू देणार नाही आणि दिलं तर जबाबदार राहीन असं त्याच अर्जात छापलेलं. म्हणून पहिला जबाब तुमचा. कोण वापरतं ते तुम्ही सांगायचं. सांगता नाही आलं तर आमच्या कागदावर एकच नाव राहतं, तुमचं. मी विचारलं, असं कुठं छापलंय? त्यांनी फाइलमधून अर्जाची प्रत काढली. खाली माझी सही होती, शेपटीसकट.

हवालदार मला कोर्टाच्या व्हरांड्यापासून ओळखत होता. तो मध्ये पडला. साहेब आपल्यातलेच आहेत, त्यांचा मोबाईल काय न्यायचा, म्हणाला. बाईंनी माझा फोन तिथंच वरखाली करून बघितला आणि परत दिला. वापरणाऱ्यांची माहिती मात्र उद्यापर्यंत लेखी द्या, म्हणाल्या.

लेखी! तो शब्द कानावर पडला आणि भीती कुठल्या कुठं गेली. मी टेबल पुसलं, पट्टी घेतली, रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, व्यवसाय, बसण्याची जागा, वापराची वेळ, शेरा. गॅलरीत बसून बसून मला सगळ्यांच्या वेळा पाठ होत्या. सगळ्यात जास्त वेळ इस्त्रीवाल्या बाईच्या टेबलाशी जायचा म्हणून तिला पहिला नंबर दिला. शेऱ्यात लिहिलं, 'मुलगी तासन्‌तास व्हिडिओ पाहते.' हे मी लिहिलं. याच हातानं, वळणदार अक्षरात. कसले व्हिडिओ, ते लिहायला रकान्यात जागा नव्हती.

खाली चाचा, वॉचमन, दोघी मावश्या. पाच नावं झाली. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट सोळा, त्यातलं एकही नाव यादीत नाही. त्यांच्याकडे स्वतःचं नेट आहे, ते कशाला वापरतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ते सभ्य लोक होते. ज्या माणसाला बसायला पालथी बादली लागते त्याच्यावरच संशय घ्यायचा असतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. डबीतली लहर फक्त पार्किंगमध्ये उतरते, जिना चढून वर जात नाही, असं मी गृहीत धरलं.

यादी झाली, मग पंच हवेत. पंचांशिवाय माझ्या हातून कागदच पुरा होत नाही. एक खालच्या मेडिकलवाल्याला पकडलं आणि दुसरे अर्थातच चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांनी खुर्चीत बसून यादी दोनदा वाचली, 'मावशी'ची वेलांटी दुरुस्त केली, काम एकदम चोख झालंय म्हणाले, आणि सही केली. मी त्यांना चहा दिला. वर खारी पण दिली.

दुसऱ्या दिवशी हवालदारानं पार्किंगमध्ये पंचनामा करून पाचही फोन जमा केले. इस्त्रीवाल्या बाईनं आपला फोन पदरानं पुसून दिला. पोरगी शेजारी उभी होती. आईनं एकदा वर गॅलरीकडे पाहिलं. मी तिथूनच हात हलवला, होईल, होईल, अशा अर्थानं.

तिसऱ्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे द्यायला वर आली आणि फोन कधी मिळेल म्हणून विचारलं. पोरीच्या कॉलेजचं काहीतरी फोनवर येणार आहे, असंही सांगितलं. मी काय करावं? हवालदाराला एक फोन करावा, एवढं साधं काम होतं. मी तिला व्याख्यान दिलं. तपासाला वेळ लागतो. आणि सरकार असलं महत्त्वाचं काम फोनवर करत नसतं. मी सरकारात होतो, मला माहीत आहे. प्रवेश मिळाला की पत्र येईल, रजिस्टर पोस्टानं, सही घेऊन देतील. बजावल्याशिवाय सरकारला काही करताच येत नाही.

तिनं ते ऐकलं आणि बरं म्हणाली. कोर्टातला माणूस सांगतोय म्हटल्यावर ती दुसरं काय म्हणणार. आणि मग मायलेकी पाच दिवस पोस्टमनची वाट बघत बसल्या. मी वरून बघत होतो. गेटमधून पोस्टमन आला की पोरगी बादलीवरून उठून उभी राहायची.

सहाव्या दिवशी दुपारी दोघी माझ्या दारात. पोरीला राहवलं नव्हतं, मैत्रिणीबरोबर कॅफेत जाऊन तिनं संगणकावर पाहिलं होतं. यादी लागून चार दिवस झाले होते. तिचं नाव होतं, सरकारी कॉलेज होतं. जागा पक्की करायला आईच्या नंबरावर येणारा ओटीपी टाकायचा होता, आणि मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. घड्याळात अडीच वाजले होते.

मग मी जो धावलो. स्कूटरवर मायलेकींना मागं घेतलं, सेक्रेटरी असून तिघं बसून गेलो. पोलीस ठाण्यात फौजदारबाई बंदोबस्ताला गेलेल्या. हवालदार हळहळला, पण फोन पिशवीत घालून लाखेनं सील केलेले, सीमसकट. सील वरिष्ठांच्या हुकुमाशिवाय तोडता येत नाही. मी त्याला म्हणालो, माझा फोन तर तू नेला नाहीस. तो म्हणाला, साहेब, तुमची गोष्ट वेगळी.

तिथून सीमकार्डाच्या दुकानात. त्याच नंबरचं दुसरं सीम द्या, एवढंच मागायचं होतं. दुकानदारानं नंबर टाकला, पडद्यावर नाव बघितलं आणि म्हणाला, हे कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या. बाई म्हणाली, ते माझे मालक. मग त्यांनाच आणा, तो म्हणाला. ती म्हणाली, ते वारले. तीन वर्षं ती मेलेल्या नवऱ्याच्या नावावरचा फोन चालवत होती, कुणाचं काही अडलं नव्हतं. दुकानदार वाईट माणूस नव्हता. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, असलं काहीबाही सांगत होता, आणि मी त्याच्या काउंटरवर हात आपटून ऑर्डर पाच, नियम सतरा ओरडत होतो. पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. पाच वाजले तेव्हा आम्ही तिघं तिथंच उभे होतो. पोरगी रडली नाही. आईला म्हणाली, चल, कपडे राहिलेत.

परत येऊन मायलेकींना मी इस्त्रीच्या टेबलापाशी उतरवलं. मला लाज वाटत होती, सरळ सांगतो. आयुष्यात शेकडो लोकांच्या दारात वाईट बातमी घेऊन गेलो, पण ती दुसऱ्यानं लिहिलेली असायची.

महिन्याभरानं फौजदारबाई पुन्हा आल्या. मी गॅलरीतून त्यांना बघितलं, धावत जाऊन दार उघडून उभा राहिलो. त्या माझ्यासमोरून नमस्कार करून सरळ जिना चढून वर गेल्या. चौथ्या मजल्यावर. बार्शीची ती महिला पूर्वी त्या गृहस्थांच्याच कार्यालयात होती. तिनं कशाला तरी ठाम नाही म्हटलं होतं, त्याचा हा राग. खातं एकदा चुकून त्यांनी कार्यालयातल्या नेटवरून उघडलं आणि सापडले. घरातलं स्वतःचं नेट सोडून ते चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून माझं वापरायचे, तेही मी पेपर वाचत बसायचो त्याच वेळेला. खाली उतरताना त्यांनी मला हात जोडले. सवय, दुसरं काय. आणि माझ्या चोख कामावर पंच क्रमांक दोन म्हणून त्यांची सही अजून फाइलीत आहे.

पाच फोन परत आले. पासवर्ड घातला, फलक काढला. कॉलेजला अर्ज लिहिले, पोलिसांचं पत्र जोडलं, एसटीनं दोनदा तिकडं जाऊन आलो. जागा पुढच्या मुलीला गेली होती आणि त्या मुलीचा काय दोष. पोरीचं वर्ष गेलं. ती सकाळी एका दवाखान्यात केसपेपर काढायला जायला लागली, दुपारी आईला कपड्यांच्या घड्या करून द्यायची, आणि मधल्या वेळात पुन्हा तीच पुस्तकं.

नवा पासवर्ड मी कागदावर लिहून स्वतः खाली नेला, बाईच्या हातात द्यायला. तिनं इस्त्री बाजूला ठेवली, कागद बघितला आणि परत दिला. नको काका, नेटपॅक टाकलाय, म्हणाली. बस्स, एवढंच. कपडे नेणं थांबवलं नाही, बोलणं टाकलं नाही, माझ्या सदऱ्यांची कॉलर पूर्वीसारखीच कडक. भांडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायला निमित्त शोधत रोज दोन नको ते कपडे इस्त्रीला टाकत होतो, आणि ती ते रोज घडी घालून परत देत होती.

यंदा अर्ज पुन्हा सुरू झाले. परवा सकाळी दार वाजलं. मायलेकी. पोरीच्या हातात नवा फोन, त्यावर फॉर्म उघडलेला. बाई म्हणाली, काका, ह्या फॉर्मावर तुमचा नंबर टाकायचाय, ओटीपी तुमच्याकडंच येऊ दे. वाटलं, माफ केलं तिनं. झालं गेलं विसरून घरच्या माणसाचा मान देतेय. मी चष्मा पुसला, त्यांना बसायला सांगितलं, आणि ते कौतुक जरा तिच्याच तोंडून ऐकावं म्हणून विचारलं, की आता तुमच्या दोघींकडे फोन आहेत, मग माझाच नंबर कशाला?

"तुमचा फोन कोण नेत न्हाय की, काका," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. पोरगी बोट पडद्यावर धरून थांबली होती. मी एकेक आकडा सांगत गेलो आणि ती टाकत गेली.